पारा उतरला म्हणजे दिलासा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की आपल्या पहिल्या पानावर एक चौकट ठरलेली असते : ‘चंद्रपूर जगात सर्वांत उष्ण’. कधी चंद्रपूरच्या जागी ब्रह्मपुरी येतं, कधी अकोला, कधी वर्धा. यंदाही ती आली, आणि आमच्या टपरीवर चहा पिणाऱ्यांनी ती अशा थाटात वाचून दाखवली की जणू रणजी करंडक घरी आला. मी चंद्रपूरचाच, तुकूमला राहतो. गावच्या उन्हाचं कौतुक मलाही आहे. पण नोकरीची बहुतेक वर्षं मी कुवेतमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करण्यात घालवली, मधला काही काळ ओमानच्या किनाऱ्यावर. त्यामुळे ही चौकट दिसली की लेखणी शिवशिवते. यंदा लिहूनच टाकतो. पत्र जरा लांबलंय, कात्री लावायची तर सुरुवातीला लावा, शेवटाला नको.

आधी त्या ‘जगात सर्वांत’चं बघू. या बातम्यांचा आधार बहुतेक वेळा एल डोराडो नावाच्या खासगी संकेतस्थळाची यादी असते. मागच्या चोवीस तासांत जगभरच्या ज्या केंद्रांचे आकडे हाती आले, त्यांतली वरची पंधरा, एवढाच तिचा अर्थ. 2019 च्या एप्रिलअखेर एका दिवशी या यादीतली पंधराच्या पंधरा ठिकाणं भारतातली होती. मध्य प्रदेशातलं खरगोन पहिलं, आपलं अकोला 46.4 अंशांवर दुसरं, आणि निम्म्याहून अधिक गावं महाराष्ट्रातली. आकडे खरेच होते. पण त्या दिवशी कुवेत, इराकमधलं बसरा, इराणमधलं अहवाझ यांचा उन्हाळा सुरूच झाला नव्हता! आपल्याकडे विसाव्या मेच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, पाठोपाठ नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, आणि जूनमध्ये ढग आले की आपला खेळ आटोपतो. तिकडचा खेळ त्यानंतर रंगतो. कुवेत विमानतळावर जुलैचं सरासरी कमाल तापमान 46 अंशांच्या वर असतं. म्हणजे आपल्याकडे ज्या आकड्याची चौकट होते, तो तिथे महिनाभर रोजचा. तिथल्या पेपरात त्याची बातमी होत नाही.

यातली एक गंमत मला उशिरा कळली. आपल्या पावसाळ्यात भारतावर जी हवा ढग होऊन वर चढते, तिचा परिणाम पार पश्चिमेपर्यंत पोचतो. त्यामुळे इराण-इराक-अरबस्तानावर उंचावरची हवा खाली उतरते, उतरताना दाबली जाते आणि दाबली गेलेली हवा तापते. ढगही धरू देत नाही. कंप्रेसरशी आयुष्य गेलेल्या माणसाला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. इकडे आमच्या घरचे फोनवर ‘पाऊस लागला बरं का’ म्हणायचे, तेव्हा तिकडे आमची भट्टी पेटायची. दोन्हींचा असा संबंध असेल असं कोणाच्या मनात येणार?

आता विक्रमांचं. आमच्या वेळच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जगातलं सर्वांत उष्ण ठिकाण लिबियातलं अल् अझिझिया, 58 अंश, असं पाठ करून घेत. तारीख 13 सप्टेंबर 1922. जागतिक हवामान संघटनेने जुनी दप्तरं तपासून 2012 मध्ये हा विक्रम रद्द केला. नवख्या निरीक्षकाने तापमापी चुकीची वाचली होती आणि आकडा सुमारे सात अंशांनी फुगला होता. तेव्हापासून मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीकडे, 10 जुलै 1913 चे 56.7 अंश. त्याबद्दलही जाणकार शंका काढतात, पण अजून तो टिकून आहे. तिथे आज उद्यानाचे कर्मचारी आणि टिंबिशा शोशोनी या मूळनिवासींची छोटी वस्ती आहे. हे लोक पूर्वी उन्हाळ्यात डोंगरावर मुक्काम हलवत. शहाणपण यालाच म्हणतात.

कुवेतचा विक्रम मितरिबा या ठिकाणचा. 21 जुलै 2016 रोजी तिथे 54 अंश नोंदले गेले. मी तेव्हा तिकडेच होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या कॅम्पात कोणी विषय काढला असेल, तर ‘हं’ म्हणून. मितरिबा हे वायव्येकडच्या वाळवंटातलं हवामान केंद्र, तिथे गाव नाही. पण पुढचं ऐका. जागतिक संघटनेने तो आकडा तसाच स्वीकारला नाही. तापमापी काढून नेली, प्रयोगशाळेत तपासली, आणि तीन वर्षांनी, 2019 मध्ये, 53.9 असा निकाल दिला. एका दशांशासाठी तीन वर्षं! पाकिस्तानातल्या तुर्बतच्या 28 मे 2017 च्या आकड्याचंही तसंच झालं, 54 वरून तो 53.7 वर आणला.

आणि आपल्याकडे? 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि तासाभरात तो आकडा प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. माझ्या साडूने नागपूरहून मला तो अभिमानाने पाठवला. संवेदक बिघडल्याचा हवामान खात्याचा खुलासा नंतर आला, तो कोणी कोणाला पाठवला नाही. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूरचे 52.9 अंश देशभर गाजले, त्यातही यंत्राने तीन अंश जास्त दाखवल्याचं निष्पन्न झालं. चौकातल्या विजेच्या फलकावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर 50 दिसलं म्हणून फोटो काढून पाठवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. अधिकृत तापमान पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, वारं खेळतं ठेवून मोजतात. डांबरावर उभ्या गाडीचं तापमान हे त्या गाडीचं तापमान.

एवढं सगळं मान्य केलं तरी माझी मूळ तक्रार निराळी आहे. पारा किती चढला, एवढ्यावरच आपण उन्हाळा तोलतो. एसीवाल्याला तेवढ्याने भागत नाही. आमच्या पेटीत एक साधं उपकरण असायचं : लाकडी मुठीला दोन तापमाप्या, त्यातल्या एकीच्या बुडाला ओल्या सुती कापडाचा मोजा. मूठ धरून गरगर फिरवायचं आणि दोन्ही आकडे वाचायचे. कोरडी तापमापी हवेचं तापमान सांगते. ओली सांगते की घाम सुकून, पाणी उडून, जास्तीत जास्त किती गारवा मिळू शकतो. तिला आम्ही वेट बल्ब म्हणतो. कूलिंग टॉवरचं सगळं गणित तिच्यावर चालतं, आणि माणसाच्या शरीराचंही.

सालमिया हा कुवेतचा समुद्रालगतचा भाग. ऑगस्टमधली एक दुपार. उन्हाळ्यात उघड्यावर काम करायला तिथे सकाळी अकरा ते दुपारी चार बंदी असते, म्हणून आम्ही चारनंतर गच्चीवर चढलो. यंत्रं आतला दाब वाढून आपोआप बंद पडत होती. पाने, म्हणजे स्पॅनर, पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचे, नाहीतर हातमोज्यातूनही चटका बसतो. शमाल, म्हणजे वायव्येचा कोरडा वारा, वाहत होता. माझी कोरडी तापमापी 46, ओली 23. तोंड भाजत होतं, ओठ फुटत होते, पण काम चाललं होतं, पाणी पीत होतो, गप्पाही चालू होत्या. सूर्य कलता कलता वारा पडला आणि समुद्राकडून आग्नेयेचा वारा सुटला. आखाताचं पाणीच त्या दिवसांत 33-34 अंशांवर असतं, त्यावरून येणारी हवा काय गारवा आणणार? तिथे या दमटपणाला रतूबा म्हणतात, आणि रतूबा आला म्हटलं की मजुरांचे चेहरे पडतात. चष्म्यावर धुकं धरलं. पुन्हा उपकरण फिरवलं : कोरडी 38, ओली 31. पारा आठ अंशांनी उतरला होता! पण अर्ध्या तासात आमच्यातला धट्टाकट्टा तरुण हेल्पर कोपऱ्यात बसून उलट्या करू लागला. अंगातून घामाच्या धारा, पण एक थेंब सुकत नव्हता. त्याला धरून खाली नेला, एसीच्या खोलीत झोपवला, काखेत ओली फडकी लावली, तेव्हा तासाभराने भानावर आला.

आपल्या पेपरात त्या संध्याकाळची बातमी कशी आली असती? ‘पारा आठ अंशांनी घसरला, नागरिकांना दिलासा.’

ओली तापमापी 35 वर गेली की निरोगी माणूसही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत नुसता बसून राहिला तरी काही तासांत दगावतो, असं शास्त्रज्ञांचं गणित आहे. शरीराला उष्णता बाहेर टाकायला वाटच उरत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले आणि 2022 मध्ये निष्कर्ष दिले, ते याहून वाईट होते : दमट हवेत 31 च्या आसपासच शरीराच्या तापमानाचा तोल सुटायला लागतो. म्हातारे, लहान मुलं, हृदयरोगी यांचा आकडा आणखी खालचा असणार. आमचा हेल्पर 31 ला का बसला, ते हे वाचल्यावर मला कळलं.

जगातली खरी धोक्याची गावं म्हणूनच विक्रमांच्या यादीत फारशी दिसत नाहीत. सौदी अरेबियातलं धहरान घ्या. 8 जुलै 2003 रोजी तिथे तापमान 42 अंश होतं. बस्स, 42! आपण त्याला ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो. पण हवेत इतकी वाफ होती की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, 35 अंशांवर होता, आणि ओला पारा, म्हणजे ओल्या तापमापीचा आकडा, त्याच्याही वर. इराणच्या किनाऱ्यावरच्या बंदर महशहरला 31 जुलै 2015 रोजी 46 अंश आणि दवबिंदू 32. अमिरातीतलं रास अल खैमा आणि सिंधमधलं जेकोबाबाद या दोन ठिकाणी ओला पारा थोड्या वेळासाठी का होईना 35 ओलांडून गेल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

या दोन गावांतला फरक मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रास अल खैमात माणूस एसीच्या घरातून एसीच्या गाडीत आणि तिथून एसीच्या दुकानात जातो. जेकोबाबादला उन्हाळ्यात तासन् तास वीज नसते, पाणी गाढवाच्या गाडीवरून विकत घ्यावं लागतं, आणि भातखाचरात, वीटभट्टीवर काम करणाऱ्याला सुटी नसते. 2022 च्या मेमध्ये तिथे 51 अंश झाले, त्या दिवशीही भट्ट्या चालू होत्या. आणि अमिरात-कुवेतच्या एसीच्या घरांनाही बाहेरून राखणारे हात आपल्याकडचे, बिहार-केरळचे, बांगलादेश-नेपाळचेच असतात. 2024 च्या जूनमध्ये मागणी इतकी वाढली की तेलात लोळणाऱ्या कुवेतलाही काही भागांत ठरवून वीज बंद ठेवावी लागली. ती बातमी वाचली तेव्हा मी इकडे घरी होतो, तरी पोटात गोळा आला.

तिथे राहणाऱ्यांनी उन्हाशी जुळवून घेतलेलंही असतं, ते सांगायला हवं. कुवेतमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात चहा करण्याइतकं कढत येतं. म्हणून लोक जूनमध्ये गिझरचं बटण बंद करतात. गिझर घरात, एसीच्या गारव्यात टांगलेला असतो, त्यातलं साठलेलं पाणी निवतं. मग आंघोळीला ‘गरम’ पाण्याचा नळ सोडायचा, कारण गार पाणी त्यातून येतं. नवखा माणूस पहिल्या दिवशी हमखास भाजून घेतो आणि जुने खोलीतून हसतात. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाच्या गावातले बरेच लोक जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतात. हैदराबाद सिंधच्या जुन्या घरांवर वारा पकडून खाली सोडणारे धुरांडे असत. आणि आपल्याकडे कूलर.

आपल्या कूलरचं मला फार कौतुक आहे, गंमत करत नाही. पत्र्याची पेटी, वाळ्याची ताटी, टुल्लू पंप आणि पंखा. 46 अंश आणि 15 टक्के आर्द्रतेच्या हवेत ओला पारा 24-25 असतो, म्हणजे चांगला कूलर खोलीत 28-29 ची हवा सोडू शकतो, तेही एसीच्या विजेच्या अगदी थोड्या वाट्यात. कोरड्या उन्हाने विदर्भाला दिलेली ही देणगी आहे. आखाताच्या किनाऱ्यावर हाच कूलर ऑगस्टमध्ये लावला तर खोलीची नुसती वाफाळलेली मोरी होते. कोरडं ऊन निरुपद्रवी असतं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. घाम सुकून जातो म्हणून दिसत नाही, आणि माणूस पाणी न पिता हिंडत राहतो आणि कोसळतो. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा घेऊन पाणी मिळत नाही.

आता आपल्या जूनकडे या. मृगाच्या आगेमागे चंद्रपूरचा पारा 46 वरून 40 वर येतो, ढग दिसतात, कूलर नुसता चिकट वारा फेकू लागतो. आर्द्रता 45 टक्के धरा. 40 अंशांना ओला पारा निघतो 29 च्या वर. म्हणजे मेच्या ‘जगात सर्वांत उष्ण’ दिवसापेक्षा साडेचार अंशांनी जास्त! मेमध्ये तेंदूपत्ता तोडणारे पहाटे अंधारात जंगलात जातात, उन्हं चढायच्या आत परततात, कारण मेचं ऊन वाईट हे आजोबांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. जूनमध्ये मात्र शेतकरी पेरणीच्या घाईत दिवसभर रानात असतो, रस्त्याची कामं पावसाच्या आत संपवायची म्हणून मजूर दुपारी डांबर ओतत असतात, आणि आपण त्यांना छापील सांगतो की दिलासा मिळाला. उष्माघाताचे फलक, पाणपोया, सरकारी दवाखान्यातला तो थंड कक्ष, सगळं तोवर गुंडाळण्याच्या बेतात असतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. ओमानच्या किनाऱ्यावरच्या कुरियात या मासेमारांच्या गावी 26 जून 2018 रोजी रात्रभरात पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही. पहाटेचं तापमान, 42.6! दिवसाचा कमाल आकडा कोणाच्या लक्षात राहिला नाही, आणि राहायचं कारणही नव्हतं. शरीर दिवसभर जे सोसतं त्याची भरपाई रात्री करतं, रात्रच तापली तर दुसऱ्या दिवशी माणूस अर्धाच उठतो. आमच्याकडे पूर्वी अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकत, पहाटे चादर ओढावी लागे. आता सिमेंटचे रस्ते, स्लॅबची घरं, दारात अंगण नाही, आणि भिंती रात्री दोनपर्यंत झळा सोडत असतात. आपल्या हवामान खात्याने उष्ण रात्रीची व्याख्याच केलेली आहे : दिवसाचं कमाल 40 किंवा जास्त, आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर. खात्याच्या पत्रकात ते येतं. पहिल्या पानाच्या चौकटीत ते मी कधी पाहिलं नाही.

तर माझी मागणी थोडकी आहे. ‘जगात’ हा शब्द त्या चौकटीतून काढा, पुढच्या जुलैपर्यंत तरी. कमाल आकड्याशेजारी रात्रीचं किमान तितक्याच मोठ्या टायपात छापा. सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाचची आर्द्रता खातं रोज देतं, तीही छापा, आणि तिच्यावरून निघणारा ओला पारा. तो 28 च्या वर गेला की चौकटीचा रंग लाल करा, मग कमाल तापमान 39 का असेना. आणि ही चौकट 31 मेला बंद न करता पाऊस नीट लागेपर्यंत चालू ठेवा. एवढं केलंत तर मुकादमालाही पेपर दाखवून सांगता येईल की आज दुपारी माणसं बसवा.

गणित करायला वेळ नाही ही सबब सांगू नये. तापमान आणि त्याच वेळची आर्द्रता यांवरून ओला पारा काढायचं कोष्टक प्रत्येक एसीवाल्याकडे असतं. माझ्याकडचं कुवेतहून आणलेलं आहे, जरा तेलकट झालंय, पण वाचता येतं. त्याची झेरॉक्स आपल्या चंद्रपूर कार्यालयात सोमवारी आणून देतो.

आपला नियमित वाचक,
(निवृत्त एसी मेकॅनिक)
तुकूम, चंद्रपूर